ब्रेक पॅड: आतला संपत आला, बाहेरचा निम्मा शिल्लक. नक्की काय काय बदलू? मदत हवी आहे

नमस्कार. गाडी वॅगनआर, २०१७ ची, पेट्रोल. पुढे डिस्क, मागे ड्रम. मी चिपळूणला राहते. वडिलांच्या तपासणीसाठी कराडला जावं लागतं, त्यामुळे कुंभार्ली घाट ठरलेला.

परतीच्या वाटेवर पोफळीकडे उतरताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाज येऊ लागलाय. ब्रेक सोडला की बंद. पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते, ती मला माहीत आहे. हा आवाज तसा नाही, जातच नाही. पेडल घट्ट आहे, गाडी एका बाजूला ओढत नाही, स्टिअरिंगही थरथरत नाही.

ओळखीच्या मेकॅनिककडून चाकं काढून पॅड मोजून घेतले. मागचा लोखंडी पत्रा सोडून नुसता घासणारा थर असा: डावीकडे आतला पॅड जेमतेम ३ मिमी, बाहेरचा ६. उजवीकडे दोन्ही ५ च्या आसपास. डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा काठ आलाय.

मेकॅनिक म्हणतो, डावीकडचेच पॅड टाकू. एका वर्कशॉपने मागचे ड्रम न उघडताच सांगितलं की पॅड, दोन्ही डिस्क आणि मागचे लायनर (ड्रमच्या आतले घासणारे पट्टे) सगळंच बदला. खर्चाला मी नाही म्हणत नाही, वडील मागे बसलेले असतात. पण न बघता सांगितलेल्या कामावर विश्वास कसा ठेवू? आणि एकाच चाकातला एकच पॅड इतका का झिजला, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

प्रतिसाद: गॅरेजवाला

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

या गाडीत पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा सांगाडा) दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड आत ओढतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. कोकणातल्या पावसात पिनेचं रबर फाटलेलं असलं की पाणी शिरतं आणि गंज धरतो. नुसते पॅड बदलले तर नवीन पॅडही असाच एका बाजूने संपेल.

म्हणून आधी पिना बाहेर काढून बघायला सांगा. हाताने सहज सरकायला हव्यात. साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पिना ठीक निघाल्या तर पिस्टन नीट मागे जातो का ते तपासा.

पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एकीकडे नवे आणि एकीकडे जुने ठेवले तर गाडी ब्रेकला ओढू शकते, आणि घाटात ते नको.

डिस्क काठ आला म्हणून बदलत नाहीत. किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. मोजताना मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि झिजलेली डिस्कसुद्धा जाड दाखवतात. खोल चरे नसतील आणि जाडी पुरेशी असेल तर डिस्क राहू द्या. मागचे लायनर ड्रम उघडून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाहीत.

तो चिरका आवाज बहुधा पॅडवरच्या पत्र्याच्या पट्टीचा आहे. थर संपत आला की ती डिस्कला लागावी म्हणूनच दिलेली असते. तिच्यानंतर येतो लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. तोवर थांबू नका, हे काम झाल्याशिवाय घाट उतरू नका.

प्रतिसाद: घाटमाथा

ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. लांब उतारावर ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी बदलावं. कोणतं घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

अजून एक. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी थोडी उतरते. मध्ये कुणी वरून भरलं असेल तर नवीन पॅडसाठी पिस्टन मागे ढकलताना ऑइल बाहेर येईल आणि रंग खाईल. आधी थोडं काढून घ्यायला सांगा. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डावीकडची खालची पिन पूर्ण जाम निघाली, रबर फाटलेलं होतं. पिन आणि रबर बदललं, दोन्ही चाकांना नवीन पॅड टाकले, ब्रेक ऑइलही नवीन. डिस्क दोन्ही मापात बसल्या. ड्रम समोर उघडायला लावले, लायनर चांगले आहेत. आवाज गेला.

आता एकच विचारायचंय: नवीन पॅडवर लगेच घाट उतरावा का?

प्रतिसाद: गॅरेजवाला

लगेच नको. आधी गुहागर रस्त्याला मोकळ्या जागी ५०-६० च्या वेगावरून हळूहळू १०-१५ पर्यंत आणा, पूर्ण न थांबता. मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा केलं की पॅड डिस्कवर बसतात. सुरुवातीला थोडा वास येईल, तो चालतो. चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल तर मात्र पुन्हा दाखवा. आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच या.