मदत हवी आहे: नव्या विज्ञानकादंबऱ्या, फँटसी आणि भयकथा निवडताना आधी काय तपासावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण दर महिन्याला एक पुस्तक ठरवून वाचतो आणि महिनाअखेरीस एकत्र बसून त्यावर बोलतो. आजवर आम्ही जुनी, नावाजलेली पुस्तके वाचत आलो. त्यांची निवड अवघड नव्हती, कारण ते पाखडण्याचे काम आधीच्या वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी करून ठेवले होते. या वर्षी मात्र आम्ही असे ठरवले की, केवळ गेल्या बारा महिन्यांत प्रथम प्रकाशित झालेल्या विज्ञानकादंबऱ्या, फँटसी आणि भयकथा वाचायच्या. पुस्तके निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि पहिल्या चार महिन्यांत माझी निवड तीनदा फसली, म्हणून जाणकारांचा सल्ला मागते आहे.

पहिली फसगत फँटसीच्या बाबतीत झाली. पुस्तक जाडजूड होते, मलपृष्ठावरचा मजकूर मोहात पाडणारा होता आणि मालिका, भाग किंवा खंड यांपैकी एकही शब्द मुखपृष्ठावर, पाठीवर किंवा आतल्या नामपृष्ठावर नव्हता. आम्ही सगळ्यांनी ते मन लावून वाचले. शेवटच्या परिच्छेदात नायिका तळघराच्या दाराची कडी काढते, आतून कोणीतरी तिला तिच्या बालपणीच्या नावाने हाक मारते आणि पान संपते. पुढे एक कोरे पान आहे आणि त्यानंतर लेखकाने मानलेले आभार. ते तीन भागांतले पहिले पुस्तक आहे, हे आम्हाला आभाराच्या चौथ्या ओळीत कळले. मालिका वाचायला माझी मुळीच हरकत नाही, उलट मोठ्या पटावरची फँटसी मला मनापासून आवडते. परंतु महिन्याच्या चर्चेला पूर्ण झालेली कथा लागते, कारण शेवट हाती नसताना लेखकाने मांडलेले जग शेवटपर्यंत पेलले की नाही, याबद्दल कोणालाच काही बोलता येत नाही.

दुसऱ्या वेळी विज्ञानकादंबरी निवडली होती. नवे मुखपृष्ठ, नवी प्रस्तावना आणि ‘नुकतेच प्रकाशित’ या यादीतले नाव एवढ्यावर मी विसंबले. पुस्तक हाती आल्यावर कॉपीराइटच्या पानावरच्या बारीक अक्षरांतून उमगले की, मूळ पुस्तक तीस वर्षांहून जुने आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, नवा असला की पुस्तकही नवे, अशी माझी समजूत होती आणि ती साफ चुकीची निघाली. तो क्रमांक त्या विशिष्ट आवृत्तीचा असतो, त्यामुळे एकाच कादंबरीच्या कापडी बांधणीला, साध्या बांधणीला आणि ई-बुकला वेगवेगळे क्रमांक मिळतात. तेव्हापासून मी आयएसएफडीबी या विज्ञानकथा-फँटसीच्या ग्रंथसूचीत प्रथम प्रकाशनाचे वर्ष पाहून घेते. तेथे मालिकेची नोंदही मिळते, मात्र अगदी ताज्या पुस्तकांच्या बाबतीत ती कितपत विश्वासार्ह मानावी, याचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य लिहावे. अनुवादांना मात्र आम्ही नवे मानतो. मूळ भाषेत ते दहा वर्षांपूर्वी आले असले, तरी ज्या वाचकाला ती भाषा येत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक आजच जन्माला आलेले असते.

तिसरा प्रसंग सांगताना मला अजूनही वाईट वाटते. आमच्यातल्या एका मैत्रिणीला लहान मुलांवरच्या अत्याचाराचे वर्णन सहन होत नाही आणि त्यामागे तिचे खासगी कारण आहे. एरवी ती आमच्यातली भयकथेची सर्वांत मर्मज्ञ वाचक आहे. रिकाम्या घरातली शांतता, ओळखीच्या माणसाच्या वागण्यात पडलेला बारीकसा फरक, दिव्याची वात खाली गेल्यावर बदलणाऱ्या सावल्या, यांतून साचत जाणारी भीती तिला नेमकी उलगडून सांगता येते. मी निवडलेल्या कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘एका जुन्या वाड्याचे रहस्य’ एवढाच उल्लेख होता आणि शंभराव्या पानाच्या आसपास नेमके तेच प्रकरण आले. तिने पुस्तक मिटले आणि त्या महिन्याच्या चर्चेला ती आली नाही. भयकथेने वाचकाला अस्वस्थ करावे, हे मला मान्य आहे. तथापि कोणत्या प्रकारच्या अस्वस्थतेला आपण सामोरे जाणार आहोत, हे जाणून घेण्याचा हक्क वाचकाला असावा, असे माझे ठाम मत आहे. काही पुस्तकांत आरंभीच तशी सूचना छापलेली असते, बहुतेकांत नसते. रहस्यभेद होऊ न देता आशयाची अशी माहिती कशी मिळवावी, हा माझा सर्वांत कळकळीचा प्रश्न आहे.

पुरस्कारांच्या याद्यांवर भिस्त ठेवावी, असे मला अनेकांनी सुचवले. त्या याद्या मी पाहते, पण नव्या पुस्तकासाठी त्या उशिरा हाती येतात. 1953 साली सुरू झालेला ह्यूगो पुरस्कार आधीच्या कॅलेंडर वर्षातल्या साहित्याला जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सदस्यांच्या मतांनी दिला जातो. हे संमेलन बहुधा ऑगस्टच्या सुमारास भरते, त्यामुळे जानेवारीत आलेल्या कादंबरीचा निकाल लागेपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ उलटून गेलेला असतो. व्यावसायिक लेखकांच्या मतांवर ठरणारा नेब्युला काही महिने आधी जाहीर होतो आणि भयसाहित्यासाठी असलेल्या ब्रॅम स्टोकर पुरस्कारात पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र विभाग आहे, जो मला विशेष उपयोगी वाटतो. शिवाय कादंबरी विभागात मालिकेचा मधला भागही पात्र ठरतो, म्हणजे माझी पहिली अडचण तेथेही सुटत नाही.

याउलट लघुकादंबरीच्या विभागाने मला थोडी वाट दाखवली आहे. ह्यूगो आणि नेब्युला यांच्या नियमांनुसार 17,500 ते 40,000 शब्दांच्या कथेला नॉव्हेला म्हणतात आणि त्याहून मोठी ती कादंबरी. आमचे चौथे पुस्तक असेच एका परग्रहावरच्या दुरुस्ती पथकाविषयीचे छोटेसे पुस्तक होते आणि चारांपैकी तेवढेच एक सर्वांना भावले. त्यात हवेचा दाब कमी होत असताना दोन तंत्रज्ञ एकमेकींशी फक्त हातांच्या खुणांनी बोलतात, असा एक प्रसंग आहे. त्या सहा पानांवर आम्ही तासभर बोललो. एवढ्या आटोपशीर लांबीत कथा बहुधा पूर्ण होते आणि लेखकाला एकच कल्पना शेवटपर्यंत ताणून पाहावी लागते, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रकाशनापूर्वीच्या परीक्षणांबद्दलही विचारायचे आहे. प्रकाशक काही वाचकांना आणि परीक्षकांना आगाऊ प्रती पाठवतात, त्यामुळे पुस्तक बाजारात येण्याआधीच त्याला भरघोस तारांकने मिळालेली दिसतात. या वाचकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ज्यांना तो लेखक किंवा तो प्रकार आधीपासून आवडतो, तेच बहुधा अशी प्रत मागून घेतात, म्हणून सुरुवातीची सरासरी फुगलेली असावी, असा माझा तर्क आहे. आपण किती आठवडे थांबून मग परीक्षणे वाचता? मलपृष्ठावरच्या इतर लेखकांच्या प्रशंसेला आपण किती वजन देता? मी स्वतः आता तीन तारे देणाऱ्या वाचकांची परीक्षणे आधी वाचू लागले आहे, कारण काय जमले आणि कोठे घसरले, हे तेच सविस्तर लिहितात.

येत्या तीन महिन्यांसाठी मला एक विज्ञानकथा, एक फँटसी आणि एक भयकथा अशी तीन पुस्तके निवडायची आहेत. ती स्वयंपूर्ण असावीत, गेल्या बारा महिन्यांत प्रथमच प्रकाशित झालेली असावीत आणि शक्यतो नवोदित लेखकांची असावीत. भयकथेत रक्तपातापेक्षा वातावरणावर भर असावा आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे वर्णन अजिबात नसावे. आपण स्वतः शेवटपर्यंत वाचलेलेच पुस्तक सुचवावे, ही विनंती. कथानक सांगू नये, मात्र शेवट पूर्ण होतो की नाही आणि भीतीचे स्वरूप कोणते आहे, या दोन गोष्टी जरूर लिहाव्यात. भयकथेची निवड या वेळी त्या मैत्रिणीला दाखवून मगच पक्की करणार आहे, तेव्हा त्याविषयीची उत्तरे थोडी लवकर मिळाली तर फार बरे होईल.