थंडीत काइटसर्फिंग: १५० युरोत आधी काय घ्यावं?

हेगचा_सुमित: मंडळी, मे महिन्यापासून स्खेवेनिंगनला काइट करतोय. ४/३ चा (अंगाला ४, हातापायांना ३ मिमी जाड) वेटसूट आहे, सप्टेंबरपर्यंत काही तक्रार नव्हती. परवाच्या रविवारी मात्र चाळीस मिनिटांत बोटं इतकी बधिर झाली की क्विक रिलीज (अडचणीत काइटची ओढ तोडायची कळ) ढकलली गेली की नाही तेच कळेना. बायकोने किनाऱ्यावरून सगळं पाहिलं, आता रोज टोमणे. बजेट १५० युरो, वर एक सेंट नाही. नवा ५/४ सूट घेऊ, की हूड-हातमोजे-बूट? आणि काइटची पुढची, हवा भरायची नळी अर्ध्या तासात मऊ पडते, तिचं काय करू?

बाब्या_झीलंड: सरळ ड्रायसूट घे, पाणी आत येतच नाही. मी साडेसहाशेला घेतला. आत लोकरीचा बनियन घालून ब्राउवर्सडामला जानेवारीत दोन तास असतो. बाहेर आलो की बनियन कोरडा.

हेगचा_सुमित: काका, १५०.

बाब्या_झीलंड: थंडी काय एकदाच वाजणार आहे का? वर्षांनी भाग देऊन बघ.

पोर्ट्समथची_ताई: सुमित, आधी हूड. मान उघडी असली की प्रत्येक पडण्यात गार पाणी पाठीवरून खाली उतरतं, मग सूट कितीही जाड असो. हातमोजे घेताना माझ्यासारखी चूक करू नकोस. मी ५ मिमीचे पाच बोटांचे घेतले. बार (काइट धरायचा दांडा) आवळून धरावा लागतो, वीस मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड. आता तळहात उघडे असलेले मिटन वापरते. उतरण्याआधी थर्मासमधलं कोमट पाणी त्यात आणि बुटांत ओतते. अंगठा करंगळीला टेकवून बघत राहायचं. टेकला नाही की बाहेर, "अजून एकच फेरी" नाही.

मिरजेचा_वारा: हूड घे आधी. मानेतून पाणी शिरतं.

पोर्ट्समथची_ताई: हेच लिहिलंय वर 🙂

गणित_मास्तर: एक मुद्दा सुटला. ५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ७ टक्के जड असते. म्हणजे वारा तेवढाच दाखवला तरी काइट जास्त ओढणार. हिवाळ्यात एक साइझ लहान लावा.

बाब्या_झीलंड: सात टक्क्यांनी काय होतंय? मी बाराही महिने १२ चौरस मीटरचीच लावतो.

गणित_मास्तर: तुमचं वजनही लिहा म्हणजे लोकांना कळेल.

गोवेकर_नाना: कशाला ही हाडं गोठवता? फेब्रुवारीत मोरजीला या, बर्म्युडावर खेळा. सूट, हूड, काही नको.

मिरजेचा_वारा: नाना, तिकीट १५० मध्ये बसवून द्या, येतो.

अनुभवी_अण्णा: निगेबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. माझा सूट मी हीटरवर वाळत टाकला होता. आठवड्यात काखेतली शिवण उकलली, डिंक सुटला. गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, सावलीत वाळवा, जाड हँगरवर कमरेत दुमडून टाका. खांद्यांनी टांगलात तर पाण्याच्या वजनाने खांदे ताणले जातात. क्विक रिलीज बादलीत कोमट पाण्यात बुडवून चार-पाच वेळा उघडझाप करा, केवढी वाळू तळाला बसते पाहा. बधिर बोटांनी ती ढकलायची आहे, हे विसरू नका. आणि तुमची मऊ नळी: काइट घट्ट फुगवा, व्हॉल्व्ह आणि जोडनळ्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. ओली काइट घडी करून ठेवू नका, माझ्या माळ्यावर तिला बुरशी आली होती.

मिरजेचा_वारा: आणि सूटमध्ये सू करणाऱ्यांनी तो दोनदा धुवावा. दोन मिनिटांची ऊब, मग घरभर वास.

बाब्या_झीलंड: न करणारा काइटसर्फर दाखव, हजार रुपये देतो.

पोर्ट्समथची_ताई: तुम्ही तर ड्रायसूटवाले ना काका? 😂

हेगचा_सुमित: सगळ्यांचे आभार. अण्णा, साबणाने सापडलं, मधल्या जोडनळीची पट्टी सैल होती. फुकटात काम झालं. आणि आता ओरडू नका. जुना ड्रायसूट मिळाला, ११० ला. गळ्याचं लॅटेक्सचं सील (पाणी अडवणारी रबरी कॉलर) जरा चिकट झालंय, टाल्कम पावडर लावून ठेवलंय.

बाब्या_झीलंड: शाब्बास! मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अनुभवी_अण्णा: अरे देवा. चिकट झालेलं लॅटेक्स म्हणजे मरायला टेकलेलं लॅटेक्स. पाण्यात फाटलं तर सूट भरेल, पायाला बादल्या बांधून किनारा गाठल्यासारखं होईल. सील बदलल्याशिवाय उतरू नकोस.

पोर्ट्समथची_ताई: ड्रायसूटमध्येही डोकं उघडंच राहतं. हूड घेतलास का?

हेगचा_सुमित: उरलेले ४० सीलला जातील ताई. तोवर किनाऱ्यावरच. आईने कोल्हापूरहून माकडटोपी पाठवलीय, ती घालून काइट घड्या करतो. हेगमध्ये गळ्याचं सील बसवून देणारं कोणी माहितीय का?

मिरजेचा_वारा: नवीन धागा काढ. आणि माकडटोपीचा फोटो टाक.