आयजेल की प्रोसील : आपल्या रुग्णालयात तुलना कशी करावी?

प्रश्न (भूलतज्ज्ञ, गडचिरोली जिल्हा)

आमच्या रुग्णालयात संपूर्ण भूल देताना आयजेल आणि प्रोसील एलएमए ही, श्वास देण्यासाठी घशात स्वरयंत्राच्या तोंडावर बसवायची, दोन्ही साधने वापरली जातात. आमच्या रुग्णांना त्यांपैकी कोणते अधिक योग्य, हे स्वतःच्या नोंदींवरून ठरवावे असा विचार आहे. साधन पहिल्या प्रयत्नात बसले का आणि किती सेकंदांत बसले, एवढे नोंदवणे पुरेसे होईल काय? येथील बहुतेक स्त्रियांचे वजन ४० ते ५५ किलो असते.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

डॉक्टर, सेकंद मोजणे सोपे असते म्हणून सगळे तेच मोजतात. पाच सेकंदांच्या फरकाने रुग्णाचे काही बिघडत नाही. त्यापेक्षा गळतीचा दाब, म्हणजे ज्या दाबाला साधनाच्या कडेने वायू निसटू लागतो तो, मोजावा. ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला ३ लिटर ठेवून भूलयंत्राची जादा वायू बाहेर सोडणारी झडप बंद करावी आणि दाब जेथे स्थिरावतो तो आकडा लिहावा, मात्र पाण्याच्या ४० सेंटिमीटरपुढे तो जाऊ देऊ नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरल्यावर श्वास देण्यास जास्त दाब लागतो, तेव्हा हाच आकडा उपयोगी पडतो.

प्रोसीलचा फुगा (घशात घट्ट बसावे म्हणून हवेने भरायची त्याची कडा) बोटाने चाचपून न भरता त्याचा दाब दाबमापकाने पाण्याच्या ६० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू त्यात शिरून दाब वाढवतो, म्हणून मधूनमधून पुन्हा पाहावे. आयजेलला फुगाच नाही, त्यामुळे ही कटकट नाही. पण माप चुकले तर हवा भरून सावरण्याची सोयही नाही. त्याचा ३ क्रमांक ३० ते ६० किलोंसाठी आणि ४ क्रमांक ५० ते ९० किलोंसाठी असतो, म्हणजे तुमच्या ५० ते ५५ किलोंच्या स्त्रिया दोन्हींत बसतात. त्यांना कोणता द्यायचा, हे आधीच लिहून ठेवावे.

उत्तर (भूलतज्ज्ञ, यवतमाळ जिल्हा)

सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. आपल्याकडे स्त्रियाही खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातात, आणि वर्षानुवर्षांच्या सुपारीने गालांचे अस्तर ताठरून तोंड दोन बोटेही उघडत नाही. छापील अभ्यासांत असे रुग्ण सहसा वगळलेले असतात. आपणही सुरक्षिततेसाठी त्यांना तुलनेतून वगळावे, परंतु प्रत्येकाचे तोंड उघडल्यावर वरच्या व खालच्या दातांमधील अंतर मोजून किती जण वगळले ते अवश्य नोंदवावे. नाहीतर निष्कर्ष आपल्या गावाचा राहणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. दुसरा भूलतज्ज्ञ येथे नाही. दाबाचा आकडा परिचारिकेने लिहिला तर चालेल काय?

निवृत्त प्राध्यापक

चालेल, किंबहुना तेच बरे. फक्त कोणते साधन बसवले आहे हे तिला दिसणार नाही, असा पडदा धरावा.