पीक माजलं, तरारलं की पोसलं?

मंडळी, एक शब्द अडलाय. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं कशी वागतात यावर शाळेतल्या मुलांसाठी एक लेख मराठीत करतेय, त्यात सीओटू फर्टिलायझेशन असा शब्द आलाय. मी आधी सरळ "कर्बवायूचं खत" लिहून टाकलं. पण परत वाचताना खटकतंय. खत म्हटलं की आपल्याकडे चांगलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, शेणखत, गांडूळखत, आणि लेखात तर पुढे असं आहे की झाड जोमानं वाढतं पण दाण्यातलं प्रोटीन, लोह, जस्त कमी होतं. मग हे खत कसलं? शिवाय नायट्रोजन जास्त झाल्यावर काय होतं तोही भाग आहे, त्यालाही शब्द हवाय. फोफावणे, तरारणे, माजणे यातलं काय बसेल?

---

ताई, आमच्या जालन्याकडं युरिया जास्त पडला की पीक माजलं म्हणतात. कापूस माजतो म्हणजे नुसता पाल्यानं भरतो, डोक्याएवढा वाढतो, बोंडं मात्र चार, आणि तो लुसलुशीत पाला बघून मावा तुडतुडे आलेच म्हणून समजा. गहू माजला तर पहिल्या वाऱ्यात लोळतो. युरियात ४६ टक्के नत्र म्हणजे नायट्रोजन असतं, गोणी फेकली की आठ दिवसात काळोखी येते, आणि माणूस त्या काळोखीवरच भुलतो. तेव्हा नायट्रोजनसाठी माजणे पक्कं. पण हवेतल्या गॅससाठी तोच शब्द नका वापरू, दोन्ही एक नाहीत.

---

काळोखी म्हणजे काय हो? आम्ही मुंबईकर, अंधार एवढाच अर्थ माहीत.

---

पान गडद हिरवं, काळसर दिसायला लागतं ती काळोखी. चांगल्या अर्थानंच म्हणतात, पिकाला काळोखी आली म्हणजे तब्येत सुधारली. दुकानदाराला पण लोक हेच सांगतात, काळोखी येईल असं काहीतरी द्या.

---

मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वरच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि मराठीत त्या वेगळ्या ठेवता येतात. नत्राने पान माजतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की पान पिष्टासारखी कर्बोदकं जास्त बनवतं (हा आपला शब्द किती नेमका आहे बघा, कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी, दोन्ही त्यात आलं), पण त्या प्रमाणात मुळांकडून नत्र, लोह, जस्त वर येत नाही. पानावरची रंध्रं पण कमी उघडतात, पाणी कमी उडतं, त्यामुळे पाण्याबरोबर ओढली जाणारी द्रव्यंही कमी येतात. २०१४ मध्ये यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, हवेत कर्बवायू साधारण ५५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भाग) ठेवून उघड्या शेतात वाढवलेल्या गव्हात जस्त ९ टक्क्यांच्या आसपास, प्रोटीन ६ आणि लोह ५ टक्के कमी भरलं. १९५८ साली हवाईत मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेत ३१५ पीपीएम होतं, आता ४२० च्या वर गेलंय, तेव्हा ५५० ही काही लांबची गोष्ट नाही.

आता शब्द. माझ्या मते इथे वाढणे आणि पोसणे हा फरक धरा. कणीस पोसलं, कांदा पोसला असं आपण म्हणतो, दाणा आतून भरला या अर्थी. कर्बवायूने पीक वाढतं, वजनही वाढतं, पण दाण्याचा कस उतरतो. म्हणून लेखात "कर्बवायूमुळे पीक वाढतं पण तितकं पोसत नाही" असं लिहा, मुलांना लगेच कळेल. खत शब्द काढाच, माझी अगदी आग्रहाची विनंती आहे, कारण त्या एका शब्दामुळे धूर सोडणं हे शेतीला उपकारक आहे असं वाटायला लागतं.

---

सर, पोसणे छान आहे पण एक शंका. पोसलेला दाणा म्हणजे दिसायला टपोरा ना? तुमचा कमी जस्ताचा गहू दिसायला टपोराच असणार. मग आमच्या आजीचा शब्द जवळचा वाटतो, फोपसा. अंगानं भरलेला पण आत दम नाही असा.

---

हे मान्य. डोळ्याला जे दिसत नाही त्याला पोसला नाही म्हणणं थोडं ओढाताणीचं होतं खरं. मग कस हाच शब्द मुख्य ठेवा, फोपसा एखाद्या वाक्यात येऊ द्या.

आणि ताई, सगळी पिकं सारखी नाहीत हे विसरू नका. गहू, भात, सोयाबीन, कापूस यांना जादा कर्बवायू लागू पडतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानात तो आधीच गोळा करून ठेवायची सोय आहे, त्यांना विशेष फरक पडत नाही, दुष्काळात पाणी वाचतं तेवढा फायदा. "लागू पडणे" पण चांगला शब्द आहे, सारखं प्रतिसाद देणे, प्रतिसाद देणे लिहिण्यापेक्षा.

---

लागू पडणे घेतलंच! अजून एक अडलंय. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिजला स्वीटगमच्या झाडांना जादा कर्बवायू देत होते, सुरुवातीला वाढ २४ टक्के जास्त होती ती २००८ पर्यंत ९ वर आली, कारण जमिनीतलं नायट्रोजन पुरेना. लाकडात, पाल्यात, कुजणाऱ्या काडीकचऱ्यात ते धरून ठेवलं जातं. या धरून ठेवण्याला मी नत्र स्थिरीकरण लिहिलंय.

---

नको नको! स्थिरीकरण म्हणजे सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात ते. तुमचं बरोबर उलटं आहे, असलेलं नत्र पिकाला मिळेनासं होतं. आमच्यात कच्चं शेणखत टाकलं की पीक पिवळं पडतं तेव्हा नत्र अडकलं म्हणतात, कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी ओढून घेतात. अडकणे लिहा.

---

अडकणे. आत्ता बदलते. कस, लागू पडणे, माजणे, अडकणे, चारही शब्द मुलांच्या घरात बोलले जाणारे आहेत. फोपसाला संपादक काय म्हणतात ते उद्या इथेच सांगते.