मदत हवी आहे : पुण्याहून परत इंदूरला, घर कुठे बघावं?

नमस्कार मंडळी, १४ वर्षं पुण्यात काढून आता आईसाठी इंदूरला परत येतोय. मागच्या महिन्यात आठ दिवस राहून गेलो आणि खरंच जीव रमला. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, मी सगळा कचरा एकाच पिशवीत घेऊन गेलो तर शेजारच्या काकूंनी तिथेच थांबवून ओला-सुका वेगळा करायला लावला, देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं पहिला नंबर उगाच नाही आला! बायको पुण्याची, तिला पोह्यांवर जिरावन मसाला आणि शेव, वर जिलबी हे आधी पटेना, तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली चला राजवाड्याकडे. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गर्दी असूनही तिला निर्धास्त वाटलं, हे माझ्यासाठी फार मोठं.

आता प्रश्न असा की रामबागेत आईच्या मैत्रिणी आहेत पण तळमजल्यावर २ बीएचके भाड्याने मिळेना, मग सुदामा नगर किंवा वैशाली नगर कसं राहील? आईला पायी जाता येईल असं मंदिर आणि मराठी बोलणारा शेजार हवाच. बाहेरून नवीन आलेल्यांनी, विशेषतः सुनांनी, तुम्हाला इथे रुळायला कशाने मदत झाली तेही सांगा ना, बायकोला वाचून दाखवायचंय.