मदत हवी आहे: मेटफॉर्मिनमधलं एनडीएमए एलसीवर जास्त, जीसीवर जवळपास नाहीच

मात्रा:
मेटफॉर्मिनच्या (मधुमेहाचं औषध) गोळ्यांत एनडीएमए (कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी) तपासतोय. एलसी-एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफी, पुढे वस्तुमान मोजणारं यंत्र) काही बॅच ०.०३८ पीपीएमच्या मर्यादेवर जातात, त्याच बॅच जीसीवर (वायू क्रोमॅटोग्राफी) साफ. कॉलम बदलला, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) नवी केली, ब्लँक (औषध नसलेला नमुना) स्वच्छ आहे. बॅच अडकून पडल्यात. कुठे बघू? जरा लवकर सांगा.

गाळणी:
एलसी-एमएस म्हणजे कोणतं? ट्रिपल क्वाड, क्यू-टॉफ की ऑर्बिट्रॅप? गोळी साधी की एक्स्टेंडेड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी)? कशात काढता? याशिवाय सगळे अंदाजच.

जीसीप्रेमी:
एलसीचा नाद सोडा. डायक्लोरोमीथेनमध्ये अर्क काढा, जीसी-एमएस/एमएसवर थेट इंजेक्ट करा, तोच आकडा धरा.

निळा_लिटमस:
जीसीवर एवढा भरवसा नको. २०१९ मध्ये रॅनिटिडिनचं (ॲसिडिटीचं औषध) काय झालं आठवा. नमुना १३० °से पर्यंत तापवला की रेणू तुटून तिथेच एनडीएमए तयार होत होतं. म्हणून तर एफडीएने (अमेरिकेचा औषध नियामक) एलसी-एमएस वापरायला सांगितलं.

जीसीप्रेमी:
ते हेडस्पेस (नमुना तापवून वरची वाफ घेणं) होतं, मी थेट इंजेक्शन म्हणतोय. आणि इथे जीसीचा आकडा कमी येतोय, जास्त नाही. रॅनिटिडिन मध्येच कुठून आलं?

तळ्याकाठी:
पिण्याच्या पाण्यासाठी ईपीए ५२१ (अमेरिकी पर्यावरण संस्थेची पद्धत) वापरा. कोळशाच्या कार्ट्रिजवर काढून जीसीवर केमिकल आयनायझेशन, फार कमी पातळीपर्यंत जातं.

गाळणी:
पाण्याचं इथे कुणी विचारलेलं नाही. मात्रा, माहिती द्या.

मात्रा:
क्यू-टॉफ. एक्स्टेंडेड रिलीज. १०० मिग्रॅ प्रति मिली, मिथेनॉलमध्ये. एनडीएमएच्या आयनाचं वस्तुमान ७५.०५५३, त्यावर ±३० पीपीएमची खिडकी (तेवढ्या फरकातलं सगळं एनडीएमए धरतो). डी६-एनडीएमए (जड हायड्रोजनचं एनडीएमए, तुलनेसाठी) सुरुवातीलाच घालतो, म्हणजे आकडा बरोबरच असायला हवा ना?

गाळणी:
नाही. डी६ काढतानाची गळती आणि आयन सप्रेशन (इतर पदार्थांमुळे सिग्नल दबणं) भरून काढतं, सोबत येणारा दुसरा पदार्थ ते ओळखत नाही. तुमचा संशयित डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, एक सॉल्व्हंट). त्याचा प्रोटोनेटेड आयन ७४.०६००, पण नायट्रोजन-१५ असलेला ७५.०५७१ वर बसतो. एनडीएमएपासून फक्त २४ पीपीएम दूर, म्हणजे तुमच्या खिडकीच्या आत. कार्बन-१३ चा ७५.०६३४ वर आहे, तो क्यू-टॉफवर याच ढिगात मिसळतो, कारण कमी वस्तुमानाला टॉफचं रिझोल्यूशन पडतं. हे वेगळे करायला ७५ जवळ साधारण ४२,००० तरी रिझोल्यूशन लागतं.

आता हिशोब बघा. नायट्रोजन-१५ चं प्रमाण ०.३७ टक्के. गोळीत १० पीपीएम डीएमएफ असेल आणि प्रतिसाद सारखा धरला, तर ०.०३७ पीपीएम खोटं एनडीएमए दिसतं, मर्यादेच्या अगदी काठावर. आणि डीएमएफची मर्यादा आयसीएचनुसार (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष) ८८० पीपीएम! म्हणजे बॅच डीएमएफच्या नियमात चोख बसूनही इथे नापास होते.

निळा_लिटमस:
मग खिडकी ५ पीपीएम करा, संपलं.

गाळणी:
बिलकुल नको. पीक एकमेकांत मिसळले की सेंट्रॉइड (पीकचा मध्यबिंदू) सरकतो. खरं एनडीएमएही खिडकीबाहेर जाईल आणि खराब बॅच पास होईल.

मात्रा:
७४.०६०० काढून पाहिला. भला मोठा पीक आहे, कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ जवळजवळ एनडीएमएचीच, आणि ज्या बॅच नापास त्यांत जास्त.

गाळणी:
मग डीएमएफचाच प्रश्न आहे. दोन्हींचं स्टँडर्ड वेगवेगळं सोडून वेळा नोंदवा. नुसतं डीएमएफ सोडल्यावर एनडीएमएच्या खिडकीत काय दिसतं तेही बघा, तोच तुमचा पुरावा. मग मोबाइल फेजमधलं मिथेनॉल २ टक्क्यांवर काही मिनिटं धरून ग्रेडियंट (मिथेनॉल हळूहळू वाढवणं) चालवा, दोन्ही तळापर्यंत वेगळे होईपर्यंत. इंजेक्शन ३ मायक्रोलिटरच्या आत ठेवा. नमुना निव्वळ मिथेनॉलमध्ये आहे, जास्त घातला तर लवकर येणारे पीक पसरतात आणि वेगळे करण्याची सगळी मेहनत वाया जाते. मेटफॉर्मिन स्वतः त्याआधी निघतं, ते व्हाल्व्हने बाहेर सोडा. पण पाणी वाढवून अर्क काढू नका, गोळीत एचपीएमसी (पाण्यात फुगणारा पॉलिमर) असेल तर जेल होऊन फिल्टर तुंबतो.

जीसीप्रेमी:
मग जीसीचा आकडा बरोबरच होता.

निळा_लिटमस:
इतक्यात नाही. अर्क नायट्रोजनखाली आटवला होता का? आटवताना एनडीएमए उडून जातं.

गाळणी:
डी६ आटवण्याआधी घातलं असेल तर चालेल, नंतर घातलं असेल तर तो आकडा धरू नका. मात्रा, जीसीत ते कधी घालता?