पीएलएल: लूप फिल्टर बदलला की लॉक सुटतो (७४एचसी४०४६)

सांगलीकर_वायरिंग
नमस्कार मंडळी. घरच्या घरी पॉवर क्वालिटी मीटर बनवतोय. दर सायकलला २५६ सॅम्पल हवेत, म्हणून ७४एचसी४०४६ ही पीएलएल चिप (फेज-लॉक्ड लूप: आपला क्लॉक बाहेरच्या सिग्नलच्या तालाशी जुळवून, म्हणजे लॉक करून, ठेवणारं सर्किट) आणि २५६ ने भागायला ४०४० काउंटर लावून लाइटच्या ५० हर्ट्झवरून १२.८ किलोहर्ट्झचा क्लॉक काढलाय. फेज कंपॅरेटर २ (दोन्ही सिग्नलच्या तालातला फरक बघणारा भाग), सप्लाय ५ व्होल्ट, व्हीसीओचा (व्होल्टेजप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरचा) उतार साधारण ४ किलोहर्ट्झ प्रति व्होल्ट.

लाइटवर फ्रिक्वेन्सी फारशी हलत नाही, तिथं संथ लूप फिल्टर (कंपॅरेटरचं आउटपुट गाळून व्हीसीओला देणारे रेझिस्टर-कपॅसिटर) मस्त चालतो, जिटर (क्लॉकची थरथर) कमी. पण लाइट जाऊन डीजी (डिझेल जनरेटर) चालू झाला की बिनलोडवर ५२ हर्ट्झ, आणि मोठी मोटर चालू झाली की धाडकन खाली. संथ फिल्टर मागेच राहतो. म्हणून एक संथ, एक चपळ असे दोन वेगळे फिल्टर केले, सीडी४०६६ या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या चिपने हवा तो निवडतो. सुटे सुटे दोन्ही झकास. पण बदलताक्षणी लॉक सुटतो. ४०६६ च्या जागी चांगला स्विच घेऊ का?

जुना_सोल्डर
स्विच बिचारा बरोबर काम करतोय, त्याच्यावर पैसे घालू नका. दोन फिल्टर म्हणजे दोन कपॅसिटर, आणि जो बाजूला पडलाय तो जुनंच व्होल्टेज धरून बसलेला असतो. ५० आणि ५२ हर्ट्झमधला फरक गुणिले २५६ म्हणजे ५१२ हर्ट्झ. तुमच्या उतारावर १२८ मिलिव्होल्ट. स्विच पडला की व्हीसीओला तेवढा धक्का बसणारच.

कपॅसिटर एकच ठेवा, कायमचा जोडलेला. बदलायचे फक्त रेझिस्टर. लॉक असताना कंपॅरेटर २ चं आउटपुट जवळजवळ सगळा वेळ हाय-इंपीडन्स, म्हणजे तुटल्यासारखं असतं, रेझिस्टरमधून करंट नसतो, म्हणून त्यांच्यावर व्होल्टेजही नसतं. अशा वेळी किंमत बदलली तर कपॅसिटरला पत्ताही लागत नाही.

तुमचे आकडे धरून: पिन १३ (कंपॅरेटरचं आउटपुट) पासून ७५० के, मग पिन ९ (व्हीसीओचं इनपुट) चा नोड, तिथून ४.७ मायक्रोफॅरड, त्याखाली १०० के ग्राउंडला. कपॅसिटर वर आणि रेझिस्टर खाली, हा क्रम मुद्दाम आहे. नॅचरल फ्रिक्वेन्सी (लूपचा वेग) ०.५ हर्ट्झ, डॅम्पिंग (हेलकावे किती लवकर थांबतात त्याचं माप) ०.७ च्या आसपास. चपळ हवं तेव्हा ४०६६ च्या एका स्विचने ७५० के ला ३० के समांतर, दुसऱ्याने १०० के ला ३३ के समांतर. नॅचरल फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झ होते आणि डॅम्पिंग तेच राहतं. वेग चौपट करायचा तर दोन्ही रेझिस्टरची बेरीज सोळाव्या हिश्श्यावर आणावी लागते, खालचा मात्र चौथ्या हिश्श्यावर. पुष्कळ जण वरचा तेवढा बदलतात आणि मग लूप लटपटतो म्हणून डोकं धरून बसतात. २ हर्ट्झच्या फार वर जाऊ नका. ५० हर्ट्झवर फेज तुलना सायकलला एकदाच होते.

५ व्होल्टवर ४०६६ चा ऑन रेझिस्टन्स काहीशे ओहम असतो, ३० के पुढे तो कुठं मोजता?

आणि ४.७ मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक लावला असेल तर आजच काढा. १ मायक्रोअँपिअर गळती धरली तरी २० मिलिसेकंदांत ४ मिलिव्होल्ट घसरतात, म्हणजे क्लॉक १७ हर्ट्झने. संथ फिल्टर लावून कमावलेलं सगळं गळतीत गेलं. पॉलिएस्टरचा बॉक्स टाइप घ्या. मोठा असतो, बोर्डवर जागा खातो, खाऊ दे.

दोन_मीटर_बँड
आमच्या आरएफमध्ये (रेडिओच्या सर्किटांत) हीच युक्ती चिपच्या आत असते. एडीएफ४३५१ या पीएलएल चिपच्या फास्ट लॉकमध्ये चार्ज पंपचा (फिल्टरला करंट देणाऱ्या भागाचा) करंट सोळा पट होतो आणि त्याच वेळी डॅम्पिंगचा रेझिस्टर चौथ्या हिश्श्यावर येतो. फक्त आमचे कपॅसिटर नॅनोफॅरडचे, त्यामुळे स्विच पडताना सांडलेले थोडे पिकोकूलंबसुद्धा छळतात. १० पिकोकूलंब १ नॅनोफॅरडवर पडले की १० मिलिव्होल्ट! तुमच्या ४.७ मायक्रोवर तेच २ मायक्रोव्होल्ट. निवांत झोपा.

सांगलीकर_वायरिंग
इलेक्ट्रोलिटिकच होता. 🙂 पॉलिएस्टर मागवतो. आता स्विचला कधी पड म्हणून कोण सांगणार? डीजीच्या चेंजओव्हर कॉन्टॅक्टवरून घेऊ?

जुना_सोल्डर
कॉन्टॅक्ट कशाला, ४०४६ स्वतःच सांगतो. पिन १ वर फेज पल्स येतात: लॉक असला की जवळजवळ सतत हाय, फेज चुकली की तेवढा वेळ लो. तिथून डायोड, आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) आणि श्मिट इन्व्हर्टर. डायोड अशा बाजूने लावा की चपळ फिल्टर लगेच लागेल आणि संथावर परतायला दीडदोन सेकंद लॉक टिकलेला असावा लागेल. दोन्हीकडे सारखाच वेळ ठेवलात तर मोटर चालू होताना स्विच नुसता फडफडत राहील.

आणखी एक. कंपॅरेटर २ कडा मोजतो. डीजीच्या वेव्हफॉर्मवर खाचा असतील तर झीरो क्रॉसिंगला एकाच्या तीन कडा निघतात आणि तो बिनदिक्कत तिन्ही मोजतो. पिन १४ (सिग्नलचं इनपुट) च्या आधी आरसी आणि हिस्टेरिसिसवाला (वर जाताना आणि खाली येताना वेगळ्या पातळीवर पलटणारा) कंपॅरेटर घाला. आरसीने फेज थोडी मागे पडेल, पण सॅम्पलिंग क्लॉकला त्याचं सोयरसुतक नाही.

सांगलीकर_वायरिंग
पिन १ मोकळाच सोडला होता. रविवारी डीजीवर लावून स्कोपचा फोटो टाकतो.